बाप कबूल

अर्जाची सुरुवात अर्जदाराच्या नावाने होते आणि त्याच्या पाठोपाठ बापाचे नाव येते. सातारच्या कोर्टाच्या आवारात वडाखाली डेस्क मांडून मी उमेदीची सारी वर्षे अर्ज लिहिले. 'नाव?' असे विचारले की माणूस जरा सावरून बसतो. 'बापाचे नाव?' असे विचारले की तो सावरत नाही, विचारही करीत नाही; श्वास सोडावा तसे ते नाव तोंडातून सोडून देतो. ते आपले आहे आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही, अशी त्याची खात्री असते.

जर्मनशी दुसरी लढाई ऐन भरात होती त्या सुमारास एका सकाळी माझ्यापुढे बसलेल्या माणसाने मात्र या प्रश्नावर मान वर केली.

"खरं हाय त्ये सांगू, का कागुदाला चालंल त्ये?"

"कागदाला खरेच चालते," मी म्हणालो. त्या वेळी माझा तसा विश्वास होता, आणि माझ्यासारख्या जबाबदार माणसाने पक्षकाराला दुसरे काही सांगणे योग्यही नव्हते.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. मी मराठी सहावीपर्यंत शिकलो. पुढे परिस्थितीने शिकू दिले नाही. परंतु वकिलांच्या खोल्यांच्या पायऱ्यांशी बसून मी जे ऐकले ते वाया गेले नाही. माझे अक्षर मामलेदार कचेरीत लांबून ओळखले जाई. 'सबब', 'येणेप्रमाणे', 'मेहेरबान सरकारास जाहीर व्हावे' हे शब्द कुठे घालावेत हे ज्यांना कळत नाही अशी माणसेही आवारात अर्ज लिहीत बसत. त्यांच्याविषयी मी इथे बोलणार नाही. लोक मला 'रायटर' म्हणत. या हाकेत जो मान होता तो मी मिळवलेला होता.

तो माणूस पंचविशीचा होता, अंगाने भरदार, आणि त्याच्या अंगात जुना लष्करी कोट होता. कोटाची बटणे घासून लखलखीत केलेली होती. त्याच्या मागे, थोडे अंतर राखून, त्याची आई बसली होती. कपाळ मोकळे, हातात बांगडी नाही. तिने माझ्याशी बोलताना कधी माझ्याकडे पाहिले नाही. पुढेही पाहिले नाही.

हकीकत अशी होती. रहिमतपूरच्या बाजूच्या एका गावात एक सुभेदार होते. मागच्या लढाईत ते इराकात बसऱ्याला होते. त्यांच्या तुकडीतला सांगलीचा एक शिपाई तिकडे दगावला. परतल्यावर त्याची पेटी घेऊन सुभेदार स्वतः सांगलीला त्याच्या घरी गेले. त्या घरात शिपायाची धाकटी बहीण होती, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. सुभेदार पेटी पोचवायला म्हणून गेले, मग पुन्हा गेले, आणि तिसऱ्या खेपेला तिच्या बापाशी बोलले. बाप म्हणाला, "पाट लावा आन घिऊन जावा." विधवेचा दुसरा विवाह म्हणजे पाट, आमच्या मुलखात पुष्कळ घरांत ती चाल आहे, आणि पाटाच्या बायकोची मुले बापाची वारस होतात. पण सुभेदारांनी मान हलवली.

"आमच्यात पाट लागत न्हाई," ते म्हणाले. "आमचं घरानं त्यातलं न्हाई. सांबाळीन मात्र मरंस्तवर. बोली पक्की."

बाप गरीब होता, घरात खाणारी तोंडे फार होती. त्याने बोलीवर मुलगी दिली. सुभेदारांनी तिला गावात नेले नाही. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचा विहिरीचा मळा होता, तिथे छपराचे घर घालून दिले. बोली त्यांनी पाळली, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या वर्षी मळ्यात मुलगा झाला. त्यानंतर एक-दोन वर्षांनी गावातल्या घरी, लग्नाच्या बायकोला, मुलगा झाला. गाव थोरल्याला 'मळ्यातला' म्हणे आणि धाकट्याला 'गावातला'. दोघेही एकाच नाकाचे आणि एकाच चालीचे होते. पाठमोरे गेले तर कोणता कोण हे कळत नसे, असे मला तिथल्या न्हाव्याने सांगितले.

सुभेदार वारले. अग्नी गावातल्याने दिला. मळ्यातला चार पावले मागे उभा राहिला आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तेरावा झाल्यावर तलाठ्याने वारसाची नोंद घातली ती एकट्या गावातल्याच्या नावाने. नंतर निरोप आला: शाळवाची काढणी झाली की मळा मोकळा करावा.

"शेत जायाचं दुक हाय," मळ्यातला म्हणाला. "पर रायटर, तलाठी म्हनला, 'तुजा बा कोन ह्ये सरकारला ठावं न्हाई.' त्या तलाठ्याच्या घरच्या हिरीची मोट मी हानलीया. त्यो म्हनतुय, ठावं न्हाई."

मी त्याला धीर दिला आणि मामलेदारांकडे असा अर्ज लिहून दिला की त्याहून चांगला अर्ज त्या साली त्या कचेरीत आला नसावा. मामलेदारांनी तो वाचला आणि शेरा मारला, की हा वारसाचा तंटा असून अर्जदाराने दिवाणी कोर्टातून हक्क शाबीत करून आणावा. यात अर्जाचा दोष नव्हता. सरकारी अंमलदार अवघड गोष्ट पुढच्या दारात ठेवतात.

म्हणून वकील गाठावा लागला. मी नेहमी ज्यांच्याकडे पक्षकार पाठवी ते वकील वयस्क होते, कानाने जड होते, आणि त्यामुळे पक्षकाराने सांगितलेले सगळे त्यांना दोनदा सांगावे लागे. त्यांनी हकीकत दोनदा ऐकली आणि म्हणाले, की शास्त्राप्रमाणे बापाने कायम बाळगलेल्या, दुसऱ्या कोणाशी संबंध नसलेल्या बाईच्या मुलाला 'दासीपुत्र' म्हणतात आणि त्याला मिळकतीत हिस्सा पोचतो. औरस मुलापेक्षा कमी, पण पोचतो. फक्त दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतील. बाई सुभेदारांचीच होती, आणि मुलगा त्यांचाच आहे.

"दासी म्हंजी?" मागे बसलेल्या आईने हळूच विचारले.

"कायद्यातला शब्द आहे, बाई," मी म्हणालो. "त्यात कमीपणा मानू नये."

"दळाप-कांडाप, शेनघान आमी केलंच की. लिवा."

मुलाने मान खाली घातली. फिर्यादीत दासी हा शब्द पडला.

आता बाप शाबीत करायचा होता. ज्यांचे आईबाप मांडवाखालून गेले त्यांना हे काम काय असते याची कल्पना येणार नाही. लग्नाच्या बायकोच्या पोटी मूल आले की कायदा पुढे विचारीत नाही. नवरा हाच बाप, पुरावा संपला. उलट सांगणाऱ्याने आकाशपाताळ एक करावे. पण जिथे लग्न नाही तिथे बाप हा माणसांच्या आठवणींतून गोळा करावा लागतो. पाचवीला कोण हजर होते? बारशाला पाळण्यात नाव कुणी ठेवले? जावळ कुणाच्या मांडीवर काढले? शाळेत मास्तरांना नाव सांगायला कोण आले? पोराला ताप आला तेव्हा वैद्याच्या दारात कोण उभे होते? या अशा बारीकसारीक गोष्टींचा मिळून कोर्टात एक बाप उभा राहतो.

मी स्वतः त्यांच्याबरोबर गावी गेलो. वास्तविक हे माझ्या कामात बसत नाही. पण साक्षीदाराला काय आठवते हे त्याच्याकडून व्यवस्थित काढून घेणे हेही एक शास्त्र आहे, आणि वकिलांना ते जमत नाही.

न्हावी म्हणाला, "जावळ मी काडलं. सुबेदाराच्या मांडीवं. पोरगं असं वराडलं, सुबेदार म्हनला, 'आवाज बग, परेडवर चालंल.'"

सुईण म्हातारी होती, तिला ऐकू येत होते पण ती आपल्याच प्रश्नांना उत्तरे देई. "नाळ पुरली तवा त्यो भाईर हुबा हुता. आत ईना. म्या म्हनलं, सुबेदार, लडाईत भ्याला न्हाईस आन हितं भितूस व्हय रं?"

"मग?" मी विचारले.

"मग काय. आला. बगून रडला की मुडदा."

निवृत्त शाळामास्तरांनी सांगितले, की मुलाचे नाव घालायला सुभेदार स्वतः आले होते आणि बापाच्या जागी स्वतःचे नाव आणि स्वतःचे आडनाव त्यांनी मोठ्याने सांगितले. शाळेतली पोरे आणि दारातला शिपाई यांनाही ते ऐकू गेले होते. मास्तर म्हणाले, "मी विचारले नव्हते, त्यांनी आपण होऊन सांगितले."

माझे समाधान झाले. इतका नीट बाप पुष्कळ लग्नाच्या मुलांनाही नसतो.

त्या मुक्कामात एक प्रसंग घडला तो सांगितला पाहिजे. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात भूमिगत मंडळी गावोगावचे तंटे स्वतःच तोडून देत. रात्री कुणाच्या मळ्यात बसत, दोन्ही बाजू ऐकत, आणि निकाल मानला नाही तर तळपायाला मार बसे. न्हाव्याच्या ओट्यावर एक जण मळ्यातल्याला म्हणाला, "कोरटात कशापायी जातुस गड्या? त्येंच्या कानावं घाल. एका बैठकीत मळा तुजा."

"आन त्येचं पाय?"

"कुनाचं?"

"भावाचं. त्येला चालता येनार न्हाई म्हयनाभर." तो कोटाच्या बटणाशी चाळा करीत होता. "भाऊ हाय माजा. कोरटातच जातू."

"त्यो तुला भाऊ म्हनतुय व्हय?"

"त्येनं म्हनावं म्हनूनच चाललुय की," तो म्हणाला, आणि ओट्यावरचे सगळे हसले. तोही हसला. ह्या दाव्यातले त्याचे ते शेवटचे हसणे असावे.

पुढच्या तारखेला फिर्यादीला उत्तर म्हणून प्रतिवादीची कैफियत दाखल झाली. गावातला आपल्या वकिलांसह आला होता. पुण्याहून आणलेले तरुण वकील, आवाज गोड. मी पायरीशी बसलो होतो. आमच्या वकिलांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला, आणि पहिल्याच कलमाला थांबले. मग त्यांनी मला खूण करून आत बोलावले आणि ते कलम माझ्याकडून वाचून घेतले, आपली नजर चुकली असावी असे वाटून.

कलमात लिहिले होते: वादी हा प्रतिवादीच्या मयत वडिलांचा त्यांनी बाळगलेल्या बाईपासून झालेला मुलगा आहे, ही गोष्ट प्रतिवादीस कबूल आहे.

मी बाहेर येऊन त्याला सांगितले, "बाप कबूल केला."

त्याला कळले नाही. मी पुन्हा सांगितले. तेव्हा तो उठला आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या भावाकडे चालत गेला. मला वाटले भांडण होईल, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"खरं हाय?" त्याने विचारले.

"काय खरं?"

"लिवलंयस त्ये."

"मग खोटं लिऊ?" गावातला म्हणाला. "बा एकच हाय आपला. मी न्हाई कवा म्हनलं? तूच कोरटात आलास. चा घेतुस?"

तो चहा प्याला. भावाने पैसे दिले. मळ्यातला परत येऊन आईपाशी बसला आणि तिला म्हणाला, "कबूल केलं त्येनं." आईने पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून मला दिला. मी तो खाल्ला. कारण माझ्या मते दावा जिंकलेला होता. सुईण, न्हावी, मास्तर यांना आता साक्षीला आणण्याचेही कारण उरले नव्हते. एका ओळीत काम झाले होते.

आमच्या वकिलांनी मात्र गूळ घेतला नाही. दुपारच्या सुटीत त्यांनी आम्हा तिघांना खोलीत बसवून कैफियतीची पुढची कलमे वाचून दाखवली. त्यांत बाप कुठेच नव्हता. घराण्याची वंशावळ होती. सुभेदारांच्या आजाची, पणजाची सोयरीक कोणत्या कोणत्या कुळांशी झाली ते होते. मुंजी लागतात, गळ्यात जानवे असते, लग्ने वेदोक्त होतात; आणि शेवटी, या घराण्यात विधवेचा पाट कधीही लागलेला नाही. सबब घराणे क्षत्रिय वर्णाचे आहे.

"आता ऐका," वकील म्हणाले. ते सहसा मोठ्याने बोलत, त्या दिवशी हळू बोलले. "दासीपुत्राला हिस्सा आहे तो शूद्राच्या घरात. शास्त्रातला शब्द आहे, राग मानू नका. वरच्या तीन वर्णांत त्याला हिस्सा नाही, फक्त पोटगी. तीसुद्धा आज्ञेत राहील तोवर. तुमच्या भावाच्या वकिलाला हे ठाऊक आहे. म्हणून त्यांनी बाप देऊन टाकला. त्यांना तो फुकट होता."

"मग आता?" मी विचारले. हा मुद्दा माझ्याही ऐकण्यात कधी आला नव्हता. आमच्या कोर्टात असे दावे फारसे येत नसत.

"आता दावा बापाचा राहिला नाही, घराण्याचा झाला. आपल्याला असं दाखवावं लागेल, की घराणं म्हणवतं तेवढं मोठं नाही. कुठे तरी, कोणत्या तरी पिढीत पाट लागला असेल. एखादी आजी, चुलती. आणि याला पिंजऱ्यात विचारतील, तेव्हा यानं निदान 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणावं. एवढंच. बाकी मी बघतो."

मळ्यातला म्हणाला, "म्हंजी बा ला खाली वडायचं."

"कोर्टातले शब्द निराळे असतात."

"बा त्योच असतूय की, सायेब. कोरटात बी आन भाईर बी."

"मळा पाहिजे का नको?"

आई मध्येच बोलली. वकिलांपुढे ती बोलली ती एवढ्याच वेळी. "पायजे," ती म्हणाली. "बाळा, ठावं न्हाई म्हन. त्येनं काय हुतंय? तुला कुठं ठावं हाय? तू मळ्यात वाडला."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली असे आम्ही धरले. पुढे साक्षीच्या तारखेपर्यंत मी त्याच्याकडून ते वाक्य म्हणवून घेतले. येताजाता विचारी, "तुमच्या घराण्यात पाट लागतो काय?" आणि तो सांगे, "मला ठावं न्हाई." वाक्य सोपे होते. त्याला ते येत होते.

साक्षीच्या दिवशी तो तोच कोट घालून आला. मी त्याला कोट काढायला सांगितले, कारण त्यावर सुभेदारांच्या बिल्ल्यांच्या खुणा दिसत होत्या. तो म्हणाला थंडी आहे. चैत्र होता.

पुण्याच्या वकिलांनी उलटतपासाला सुरुवात केली ती अगदी पाहुण्याशी बोलावे तशी. शेतीचे विचारले, विहिरीचे विचारले. सुभेदार तुम्हाला मुलासारखे वागवीत ना? व्हय. त्यांच्याविषयी तुम्हाला आदर आहे? व्हय. जानवे घालीत ना ते? आमच्या वकिलांनी हरकत घेतली. सबजज्जसाहेबांनी प्रश्न चालू दिला.

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

कोर्टात कुणी तरी हसले. बाप उघड्या अंगाने मोटेवर उभा राहत असे आणि मुलाला त्याच्या गळ्यात काय होते ते ठाऊक नव्हते. तो लाल झाला.

"बरे," वकील म्हणाले. "ठाऊक नाही. मग असे म्हणू का, की तुमच्या वडिलांच्या घराण्यात बायका एक नवरा मेला की दुसरा करीत?"

वकिलांनी हे मुद्दाम तसे विचारले होते. गावातला पहिल्या बाकावर बसला होता, त्याने सुद्धा मान खाली घातली. आमच्या वकिलांनी ऐकू येत नसल्याने हात कानामागे धरला होता.

"न्हाई," मळ्यातला म्हणाला.

"काय नाही?"

"आमच्या घरात पाट लागत न्हाई. कवाच लागला न्हाई." आणि मग, कुणी विचारले नसताना, "लागत असता तर माज्या आयला लागला असता. ती आज हितं अशी बसली नसती."

पुण्याचे वकील खाली बसले. त्यांनी पुढे काही विचारले नाही. त्याची गरज नव्हती. सबजज्जसाहेब लिहून घेत होते आणि त्यांच्या टाकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता. आमच्या वकिलांनी मला विचारले, "काय म्हणाला?" मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर मी त्याला रागावून बोललो. एवढे शिकवून, एवढी मेहनत घेऊन, पक्षकाराने अशी बुद्धी दाखवावी याचे मला वाईट वाटले, आणि ते मी स्पष्ट सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"आवं रायटर," तो म्हणाला, "त्यो वकील नावं ठेवत हुता घरातल्या बायांस्नी. माज्या आजीला, चुलतीला. मी ल्योक हाय म्हनून तर हुबा केला हुता मला तितं. ल्येकानंच ठावं न्हाई म्हनायचं व्हय?"

हा वेडेपणा आहे असे म्हणून मी डेस्क आवरायला घेतले.

निकाल काही महिन्यांनी लागला. मी त्याची नक्कल घेऊन स्वतः मळ्यात गेलो, कारण आईला तो वाचून दाखवण्याचे मी कबूल केले होते. ऊस उभा होता. मोट चालू होती. ती छपराच्या सावलीत बसली, मी माझ्या आवाजात, जसा वाचायला हवा तसा, निकाल वाचला. वादी हा मयत सुभेदारांचा मुलगा आहे, हे प्रतिवादीस कबूल असून शाबीत आहे. मयताचे घराणे क्षत्रिय वर्णाचे असल्याचे इतर पुराव्यावरून, तसेच खुद्द वादीच्या साक्षीवरून शाबीत आहे. सबब वादीस मिळकतीत हिस्सा मागण्याचा अधिकार नाही. प्रतिवादीने त्यास पोटगी द्यावी.

"पयलं परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचले.

"सरकारनं लिवलंय? ल्योक त्येंचाच म्हनून?"

"होय."

"आन त्यो बी न्हाई म्हनत न्हाई."

"नाही."

"मग जायाचं कशापायी?"

मी तिला समजावून सांगितले. शास्त्र काय म्हणते, वर्ण म्हणजे काय, हिस्सा आणि पोटगी यांत फरक कोणता. तिने सगळे ऐकले, मान हलवली, आणि मी थांबल्यावर तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारला. मी दुसऱ्या रीतीने सांगितले. तिने पुन्हा विचारले. तिला कमी कळत होते असे मी म्हणणार नाही. ल्योक कबूल असेल तर घर जाते कसे, एवढेच तिला पाहिजे होते, आणि माझ्याजवळ जे होते ते त्याचे उत्तर नव्हते. मुलगा मोटेवरून उतरला नाही. बैल पुढे जात, मागे येत, पाणी पाटात पडत होते; ते पाणी आता कुणाच्या उसाला जात होते हे त्याला ठाऊक होते.

अपील करता आले असते. वकिलांनी तसे कळवले. तो म्हणाला, "वरच्या कोरटात बी त्येच इचारतील. मी बी त्येच सांगनार." पोटगीचा हुकूमनामाही त्याने कधी बजावला नाही. पोटगी घ्यायला दर हंगामाला भावाच्या दारात जावे लागले असते, आणि आज्ञेत आहे असे दिसावे लागले असते.

मळा सोडण्याच्या दिवशी गावातला स्वतः बैलगाडी घेऊन आला. मी तिथे होतो; ताबा दिल्याची पावती मला लिहायची होती. त्याने एक शब्द वाकडा काढला नाही. भांडी स्वतः गाडीत चढवली.

"म्हातारीला पायी नगंस नेऊ," तो भावाला म्हणाला. "ठेसनापतुर गाडी घिऊन जा. बा ला बरं वाटलं नसतं."

"गाडी परत कोन आननार?"

"गडी येतुया की संगं."

"बरं," मळ्यातला म्हणाला. मग त्याने कोट काढून भावापुढे धरला. "ह्यो ऱ्हाऊ दे. घरातला हाय."

गावातल्याने तो घेतला नाही. "तुला दिलाय त्येनं," तो म्हणाला. दोघेही तसेच उभे राहिले, कोट मध्ये. शेवटी आईने तो घेतला आणि घडी करून भांड्यांवर ठेवला. गाडी ओढ्यातून पलीकडे गेली. दोघा भावांचा बाप कोर्टाने एकच ठरवला होता, आणि त्या दिवसानंतर दोघांची गाठ पडल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

लढाई संपल्यावर मी माझ्या बहिणीकडे सांगलीला गेलो होतो. सांगली तेव्हा संस्थानात होती. सातारच्या कोर्टाचा हुकूम तिथे आपोआप चालत नसे, आणि सातारची माणसे तिथे कुणाला ठाऊक नसत. हळदीच्या पेठेतून जाताना एका हमालाने मला हाक मारली. मी ओळखले नाही. डोक्यापासून पायापर्यंत, पापण्यांच्या केसांपर्यंत तो पिवळा होता. हसला तेव्हा दात तेवढे पांढरे दिसले, आणि नाकावरून मला सुभेदारांचा मुलगा कळला.

आई तिथे माहेरी, भाच्याच्या घरामागे पडवीत राहत होती. त्याने मला तिथे नेले. तिने मला चहा केला, आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे न पाहता बोलली.

"मला कुनी हळद लावली न्हाई परत," ती म्हणाली. "आन ह्येला रोज लागतीया. लगीन तेवढं ऱ्हायलंय."

"जमत नाही?"

"मानसं येत्यात. पोरगं बगून खूश हुत्यात. मंग इचारत्यात, घरानं कंचं? ह्यो सगळं सांगतुय. बा चं नाव, गाव, कूळ. त्येंनी इचारलं न्हाई त्ये बी, माजं लगीन लागलं न्हाई त्ये. आन मानसं उटून जात्यात."

"थोडे राखून सांगावे," मी त्याला म्हणालो.

तो पायावरची हळद झाडत होता. "इचारत्यात तवा सांगतू," तो म्हणाला.

आईने कोपऱ्यातल्या पेटीतून फडक्यात बांधलेला कागद काढला. कोर्टाचा निकाल होता, मीच नेऊन दिलेली नक्कल. "रायटर, एक इचारते. ह्यो दावला तर? ह्येच्यात सरकारनं लिवलंय न्हवं, ल्योक त्येंचा, घरानं मोटं. पोरीच्या बा ला दावला तर पटंल त्येला?"

मी कागद हातात घेतला. अक्षर नकलनविसाचे होते, बरे होते. वर मुलगा कबूल होता, मध्ये घराणे मोठे होते, आणि सगळीकडे, तिच्या नावाच्या आधी, 'दासी' हा शब्द होता, जो तिने आपण होऊन 'लिवा' म्हणून सांगितला होता.

"दाखवू नका, बाई," मी म्हणालो.

"खरं हाय न्हवं त्यातलं?"

"सगळे खरे आहे."

तिने तो परत फडक्यात बांधला. पेठेकडून मुकादमाची हाक आली, "ए सातारकर, गाडी लागली की." तो उठला. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला, आणि माझ्या धोतरावर हाताचा पिवळा डाग पडला. बहिणीने तो दोनदा धुतला, पण तो पुरता गेला नाही.